तुझं काम वाचणार कोण?

या वेळच्या पत्रांत इंटर्नशिप आणि पहिली नोकरी हाच विषय जास्त आहे. बहुतेक पत्रं विद्यार्थ्यांची, एक एका आईचं, एक प्राध्यापकांचं. मी बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या टीममध्ये दरवर्षी इंटर्न येतात आणि नवपदवीधरांच्या मुलाखतीही मी घेते. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने जे दिसतं तेच इथे लिहिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं छापलेली नाहीत. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर.

ताई, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका कंपनीकडून "आपली निवड झाली आहे" असा मेसेज आला. मुलाखत झालीच नाही. दोन महिन्यांची ऑनलाइन इंटर्नशिप, शेवटी सर्टिफिकेट आणि शिफारसपत्र. पण आधी रजिस्ट्रेशनची फी भरायची आहे. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी भरली. कॉलेजला इंटर्नशिपचं पत्र द्यावंच लागतं, म्हणून मीही भरायच्या विचारात होतो. भरू का?

भरू नकोस.

ज्या कामासाठी आपणच पैसे मोजतो ते काम नसतं, तो क्लास असतो. क्लास लावण्यात काही गैर नाही. मग त्याच्याकडे क्लास म्हणूनच बघ: शिकवणार कोण, असाइनमेंट तपासणार कोण, अडलं तर विचारायचं कुणाला. हे पटलं तर जरूर लाव आणि रेझ्युमेवर "प्रशिक्षण" असं लिही. तिथे "इंटर्नशिप" लिहिलंस, तर मुलाखतीत दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं. मी सर्टिफिकेट मागत नाही. मी विचारते, "तू केलेल्या कोणत्या गोष्टीवर टीममधल्या कुणी आक्षेप घेतला, आणि मग तू काय बदललंस?" खऱ्या टीममध्ये चार आठवडे काढलेल्या मुलाकडे याचं उत्तर असतं. फी भरून पीडीएफ मिळवलेल्याकडे ते असूच शकत नाही, कारण त्याचं काम कुणी पाहिलेलंच नसतं.

बिनपगारी इंटर्नचा प्रश्न अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला होता. एका चित्रपटाच्या निर्मितीत फुकट राबलेल्या इंटर्ननी दावा लावला आणि 2015 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने कसोटी घालून दिली: या व्यवहारात मुख्य फायदा कुणाचा, शिकणाऱ्याचा की मालकाचा? 2018 मध्ये तिथल्या कामगार खात्यानेही तीच स्वीकारली. कायदा देशोदेशी वेगळा असेल, पण हा प्रश्न कुठल्याही ऑफरला लावून बघता येतो. तुझ्या ऑफरमध्ये तर पैसेसुद्धा तुझेच जाणार आहेत.

यापुढे कुठलीही ऑफर आली की एक साधा मेल कर. मला कोणत्या प्रॉडक्टवर काम मिळेल? माझा मेंटॉर कोण असेल? मी लिहिलेला कोड कोण वाचणार? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. खरी टीम असेल तर उत्तरात माणसाचं नाव येतं. "आमच्या तज्ज्ञांची टीम मार्गदर्शन करेल" असं उत्तर आलं, तर तिथे कुणी नाही असं समज. ओळखपत्राच्या किंवा बँक पासबुकच्या प्रती मुलाखतीआधीच मागत असतील, तर तो मेसेज तिथेच सोडून दे.

राहिला प्रश्न कॉलेजच्या पत्राचा. विभागप्रमुखांना जाऊन भेट आणि एखाद्या प्राध्यापकांच्या हाताखालचा संशोधन प्रकल्प किंवा ओपन सोर्स प्रकल्पातलं (ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो) काम चालेल का, ते विचार. मुलं हे विचारतच नाहीत आणि शेवटच्या आठवड्यात फी भरून मोकळी होतात.

मॅडम, एका मध्यम आकाराच्या कंपनीत माझी इंटर्नशिप सुरू झाली आहे. मेंटॉर स्वभावाने चांगले आहेत, पण सतत मीटिंगमध्ये असतात. कोड इतका मोठा आहे की कुठून सुरुवात करावी कळत नाही. सारखं विचारलं तर त्यांना वाटेल हिला काहीच येत नाही. न विचारता बसले तर अख्खा दिवस जातो. रात्री घरी आल्यावरही तेच वाचत बसते.

आधी रात्रीचं वाचन बंद कर. थकलेल्या डोक्यात कोड शिरत नाही आणि दुसरा दिवसही वाया जातो.

कोड मोठा आहे हे तुझ्या मेंटॉरना माहीत आहे. तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही तो सगळा माहीत नसतो. आपापल्या कोपऱ्यापुरता माहीत असतो. त्यामुळे आधी सगळं समजून घेऊ आणि मग कामाला लागू, हा विचार सोड. तुला दिलेलं तिकीट, म्हणजे नोंदवून दिलेलं एक काम, ज्या फाइलपर्यंत जातं, तेवढीच फाइल तुझी.

आता विचारण्याबद्दल. माझ्या टीममधल्या एका इंटर्नचं उदाहरण सविस्तर सांगते. तिला एक तिकीट मिळालं होतं: काही युजरना बिलाची तारीख एक दिवस आधीची दिसते. पहिल्या दिवशी तिचा मेसेज आला, "मॅम, तारखेचा बग समजत नाहीये, वेळ मिळाला की मदत कराल का?" मी मीटिंगमध्ये होते. अशा मेसेजला उत्तर द्यायचं तर मला तिच्या शेजारी बसून सगळं पहिल्यापासून बघावं लागलं असतं, म्हणून तो मागे पडला. संध्याकाळी मी तिला एवढंच सांगितलं: काय दिसलं, काय करून पाहिलंस, तुला काय वाटतं आणि नेमकं कुठे अडलंय, हे लिहून पाठव. दुसऱ्या दिवशी दुपारी आलेला मेसेज असा होता:

"तिकिटातल्या युजरला 5 मार्चऐवजी 4 मार्च दिसतं. माझ्या मशीनवर 5 मार्चच दिसतं. मशीनचा टाइम झोन न्यूयॉर्कचा करून पाहिला, तेव्हा मलाही 4 दिसलं. सर्व्हरकडून फक्त तारीख येते, वेळ येत नाही. ब्राउझर ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरतो आणि दाखवताना स्थानिक वेळेत बदलतो, असं मला वाटतं. दुरुस्ती सर्व्हरवर करायची की स्क्रीनवर, हे मला ठरवता येत नाही."

तिचा अंदाज बरोबर होता. जावास्क्रिप्टमध्ये '2024-03-05' अशी नुसती तारीख दिली की ती यूटीसी धरली जाते. तिच्यासोबत वेळ असेल आणि झोन दिलेला नसेल, तर मात्र स्थानिक. म्हणून यूटीसीच्या मागे असलेल्या देशांत आदला दिवस दिसतो आणि पुढे असलेल्या देशांत बसलेल्या डेव्हलपरला बग दिसतच नाही. हे तिला आधी माहीत नव्हतं, तिने ते शोधून काढलं. मला उत्तर द्यायला एक ओळ पुरली: "स्क्रीनवर कर. तोच सर्व्हर मोबाइल ॲपही वापरतं, त्याला हात लावू नको." तिच्या हातातलं काम लगेच पुढे सरकलं.

तिने मोजक्याच ओळी बदलून पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे हा बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती केली. त्यावर माझ्या एका सहकाऱ्याच्या सूचना आल्या. यासाठी टाइम झोन बदलून चालणारी टेस्ट लिही. हेच फंक्शन आणखी दोन स्क्रीनवर वापरलंय, तिथेही बघ. फंक्शनचं नाव नुसतं "फॉरमॅट" आहे, त्यातून तारीख कोणत्या झोनची हे कळत नाही, नाव बदल. ती जरा हिरमुसली, तिला वाटलं काम नापास झालं. तसं नसतं गं. रिव्ह्यूमध्ये सूचना येणं हा रोजचा व्यवहार आहे, आमच्याही कोडवर त्या येतात. तिने तिन्ही गोष्टी केल्या आणि तिचा कोड प्रॉडक्टमध्ये गेला. शेवटच्या वर्षात ती नोकरीच्या मुलाखतींना जाऊ लागली, तेव्हा या एका बगवर अर्धा तास बोलू शकत होती. टाइम झोन म्हणजे काय, आपल्या मशीनवर न दिसणारा बग कसा पकडायचा, टेस्ट का लिहायची, सर्व्हर बदलला असता तर काय मोडलं असतं, हे सगळं त्या मोजक्या ओळींत होतं.

तर तू असं कर. तासभर प्रयत्न करूनही काहीच पुढे सरकलं नाही की त्या चार गोष्टी लिहून मेसेज टाक. बऱ्याचदा लिहितानाच उत्तर सापडतं. मेंटॉरकडे रोजची ठरलेली दहा-पंधरा मिनिटं माग. "वेळ मिळाला की" यापेक्षा "रोज साडेअकराला" हे त्यांनाही सोपं जातं. आणि पुल रिक्वेस्ट लहान ठेव. आठवडाभराचं काम एकदम टाकलंस तर ते वाचायला कुणालाच वेळ होत नाही. वीस-पंचवीस ओळी असतील तर माणूस चहा पिता पिता वाचून टाकतो.

ताई, मला इंटर्नशिपमध्ये टेस्टिंगला टाकलं आहे. मित्रांना कोडिंग मिळालं. माझे महिने वाया चाललेत का?

नाही. बग शोधून तो पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या नीट लिहिता येणं, हे कौशल्य असलेली माणसं कमी आहेत. फक्त हाताने क्लिक करत बसू नकोस. रोज कराव्या लागणाऱ्या तपासण्यांपैकी एक ऑटोमेट करून दाखव. आणि तू नोंदवलेला बग डेव्हलपरने कसा दुरुस्त केला, ती पुल रिक्वेस्ट उघडून वाचत जा. कोड वाचायला शिकण्याची याहून चांगली जागा सहसा मिळत नाही.

नमस्कार. माझी पदवी होऊन बरेच महिने झाले. आमच्या कॉलेजला कंपन्या येत नव्हत्या, इंटर्नशिप मिळाली नाही. रेझ्युमेवर टू-डू ॲप, वेदर ॲप आणि चॅट ॲप आहे, तिन्ही व्हिडिओ बघून केलेली. भरपूर अर्ज केले, पण एकाचंही उत्तर नाही. आता अजून एखादा कोर्स करू का?

कोर्स नको. तुझ्याकडे शिकलेलं पुरेसं आहे, ते कुणी वापरलेलं नाही एवढीच उणीव आहे.

त्या तिघांपैकी दोन ॲप रेझ्युमेवरून काढ. हीच तीन ॲप मी आठवड्यातून कितीतरी रेझ्युमेंवर बघते आणि कोड उघडला की तो त्याच व्हिडिओतला असतो. उरलेलं एक घे किंवा नवीन कर, पण ते वापरणारा खरा माणूस शोध. तुझ्या ओळखीत कुणीतरी वहीत हिशेब ठेवत असेल, हजेरी घेत असेल, वेळापत्रक लावत असेल. त्यांना ते वापरायला दे. पहिल्याच आठवड्यात ते सांगतील की नाव चुकलं तर दुरुस्त करता येत नाही, मोबाइलवर बटण दिसत नाही, कालचा डेटा गेला. या तक्रारी एकेक करून निस्तर आणि प्रत्येक दुरुस्तीचं गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं टूल) वेगळं कमिट, म्हणजे नोंद, ठेव. माझ्यासारखी बाई तुझ्या गिटच्या नोंदी वर-खाली करून बघते, तेव्हा तिला हवं असतं ते हेच: कुणीतरी काही मागितलं आणि तू ते पुरं केलंस.

दुसरी वाट ओपन सोर्सची. तिथे कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही. गूगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्स प्रकल्पांत काम करायला देणारा उपक्रम 2005 पासून चालू आहे. आधी ते फक्त विद्यार्थ्यांसाठी होतं, 2022 पासून अठरा वर्षांवरच्या, ओपन सोर्समध्ये नवख्या असलेल्या इतरांसाठीही खुलं झालं. म्हणजे पदवी झाली म्हणून तू बाद होत नाहीस. यात मेंटॉर असतो आणि मानधनही मिळतं. आउटरीची नावाचा असाच एक उपक्रम आहे, तो तंत्रज्ञान क्षेत्रात ज्यांचं प्रमाण कमी आहे किंवा ज्यांना भेदभावाला तोंड द्यावं लागतं त्यांच्यासाठी. तीन महिन्यांची, घरून करायची, मानधन असलेली इंटर्नशिप. तिथे निवडीआधीच प्रकल्पात प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं. मला ही पद्धत फार न्याय्य वाटते.

यांची वाट न बघताही सुरुवात करता येते. तू स्वतः वापरतोस असं एखादं टूल निवड. ते मशीनवर बसवताना सूचना कुठे अपुऱ्या पडल्या, ते टिपून ठेव. ती डॉक्युमेंटेशनमधली दुरुस्ती हे तुझं पहिलं काम. मग लहानसा बग. घाई मात्र करू नकोस. 2020 मध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात टी-शर्ट मिळवण्यासाठी लोकांनी रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये एखादा शब्द इकडेतिकडे करून पुल रिक्वेस्टचा पूर आणला. देखभाल करणारे इतके हैराण झाले की आयोजकांना नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रकल्पांनी आपणहून होकार दिला तेच धरले जाऊ लागले. त्या पुरातलं कमिट दाखवून कुणाला नोकरी मिळत नाही.

लिनक्स कर्नलची (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) एक पद्धत मला फार आवडते. तिथे बदल करणाऱ्याचं नाव कमिटमध्ये असतंच, शिवाय तो बदल ज्याने वाचून तपासला त्याचं नावही "रिव्ह्यूड-बाय" म्हणून लिहिलं जातं. आपलं काम एका अनोळखी, जाणत्या माणसाने वाचलंय आणि त्याखाली स्वतःचं नाव घातलंय, अशी एक जरी नोंद तुझ्याकडे असेल, तर इंटर्नशिप झाली नाही ही गोष्ट मी तरी मनात धरणार नाही.

माझ्या मुलीला दोन ठिकाणी इंटर्नशिप मिळते आहे. एक कंपनी जगभर नावाजलेली, दुसरी बारा-पंधरा माणसांची. ती लहान कंपनीच हवी म्हणून हटून बसली आहे. आम्हाला वाटतं रेझ्युमेवर नाव मोठं असावं. शिवाय या सगळ्यात तिचे मार्क घसरतील याचीही धास्ती आहे.

तुमची काळजी मी समजू शकते. मोठ्या नावाचा फायदा होतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. रेझ्युमे चाळणाऱ्याचा हात त्या नावापाशी थांबतो. पण पुढे मुलाखतीत बसल्यावर तिथे काय केलं, हेच बोलावं लागतं. मोठ्या कंपनीत काही इंटर्नना उत्तम काम आणि उत्तम मेंटॉर मिळतात, तर काहींना तीन महिने प्रेझेंटेशन बनवायला लावतात. लहान कंपनीतही तेच. म्हणून आकारावर भांडू नका. दोन्हीकडे "काम काय आणि ते तपासणार कोण" एवढं तिला विचारायला सांगा आणि उत्तरं समोर ठेवून बसा. लहान कंपनीत तिला याचं उत्तर आधीच मिळालं असेल आणि म्हणूनच ती हटून बसली असेल, असाही संभव आहे. विचारून बघा.

मार्कांचं म्हणाल, तर शिक्षण आणि काम एकमेकांच्या आड येतात ही भीती जुनीच आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. 1906 मध्ये त्यांनी 27 विद्यार्थी घेऊन एक प्रयोग सुरू केला: एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात. वर्गात शिकवता न येणारा धंद्याचा भाग विद्यार्थ्याने प्रत्यक्ष जागेवरच शिकावा, हा त्यांचा आग्रह होता. पुढे कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ 1957 मध्ये याच पायावर उभं राहिलं. तिथे आजही बरेच विद्यार्थी चार महिने शिकतात आणि चार महिने काम करतात, आणि तिथल्या पदवीधरांना सॉफ्टवेअर कंपन्या आवर्जून घेतात. मार्क अजिबात घसरू नयेत असं मी म्हणणार नाही. काही कंपन्या अर्ज चाळताना किमान मार्कांची अट घालतात. त्या रेषेच्या वर राहिलं की पुढचे चार-पाच टक्के मला तरी मुलाखतीत कधी आठवत नाहीत.

ताई, मी दुसऱ्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात आता ज्युनिअरचं काम एआय करतं. मग आम्हाला इंटर्न म्हणून तरी कोण घेणार? शाखा बदलावी का?

भीती निराधार आहे असं सांगून तुझी समजूत घालणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदींचा अभ्यास मांडला. एआयचा प्रभाव सर्वाधिक असलेल्या व्यवसायांत 22 ते 25 वयाच्या कामगारांची रोजगारी इतरांच्या तुलनेत 13 टक्क्यांनी घटल्याचं त्यात दिसलं. सॉफ्टवेअर त्या व्यवसायांत येतं. अनुभवी माणसांची रोजगारी मात्र टिकून होती किंवा वाढली होती. म्हणजे दार अरुंद झालंय ते सुरुवातीचं. मला याची मनापासून काळजी वाटते. आज नवखे घेतले नाहीत तर दहा वर्षांनी जाणते आणणार कुठून, हे मी माझ्या ऑफिसातही प्रत्येक वेळी बोलून दाखवते.

तरीही शाखा बदल असं सांगणार नाही. कोड लिहून घेणं सोपं झालंय, तो बरोबर आहे का हे ओळखणं तितकंच अवघड राहिलंय. कर्ल हे इंटरनेटवरून डेटा आणणारं-पाठवणारं टूल तू नकळत रोज वापरत असशील. त्याचे मुख्य देखभालकर्ते डॅनियल स्टेनबर्ग 2024 पासून जाहीरपणे लिहीत आले आहेत की एआयकडून लिहून घेतलेले, दिसायला अगदी व्यवस्थित आणि आतून पोकळ असे सुरक्षेचे रिपोर्ट त्यांच्या टीमचा वेळ खातात. असा प्रत्येक रिपोर्ट शेवटी एका माणसाला वाचावा लागतो. ते वाचणं ज्याला जमतं त्याची गरज संपलेली नाही.

म्हणून मी मुलाखतीत हल्ली कोड लिहायला कमी सांगते, वाचायला जास्त देते. एक लहानसं पायथन फंक्शन असतं: यादीवरून लूप फिरतो आणि रद्द झालेल्या ऑर्डर त्याच यादीतून काढून टाकतो. वाचायला सरळ वाटतं, चालतंही. पण दोन रद्द ऑर्डर लागोपाठ आल्या की दुसरी सुटते, कारण पहिली काढल्यावर दुसरी तिच्या रिकाम्या घरात येते आणि लूप ते घर ओलांडून पुढे गेलेला असतो. मी विचारते, "यात तुला कशाचा संशय येतो?" पाठांतर केलेली मुलं इथे गप्प होतात. ज्याने दुसऱ्याचा कोड वाचलाय, स्वतःचा वाचून घेतलाय, तो निदान म्हणतो, "फिरता फिरता काढतोय, तिथे गडबड वाटते." तेवढं मला पुरतं.

एआय वापर, पण आधी तुझं उत्तर लिही आणि मग त्याचं बघ. जी ओळ समजावून सांगता येत नाही ती पुल रिक्वेस्टमध्ये घालू नको. आणि इंटर्नशिपमध्ये कंपनीचा कोड बाहेरच्या टूलमध्ये टाकण्याआधी परवानगी घे.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. इंटर्नशिपचे रिपोर्ट येतात, ते बहुतेक एकसारखे असतात. आम्हीही सह्या करतो. कंपन्यांशी ओळखी नाहीत. मी माझ्या पातळीवर काय करू शकतो?

सर, तुमच्या पत्राने मला फार बरं वाटलं.

कंपनीशिवाय करता येण्यासारखी एक मोठी गोष्ट आहे. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट दरवर्षी कोऱ्या पाटीवर सुरू होतात आणि सबमिशननंतर मरतात. ते मरू देऊ नका. या वर्षीच्या बॅचने केलेला एक प्रोजेक्ट पुढच्या बॅचच्या हाती द्या. त्यांना नवीन काही बांधायचं नाही. जुना चालवायचा, त्यातले बग काढायचे, एक सुविधा वाढवायची. पहिल्या महिन्यात ते चालणारच नाही. पासवर्ड कोडमध्येच लिहिलेला सापडेल, सूचना नसतील, ज्याने लिहिलं तो सीनियर फोन उचलणार नाही. नोकरीतला पहिला महिना नेमका असाच असतो. आणि आपला कोड पुढच्या वर्षी ज्युनिअर वाचणार आहेत हे कळलं, की या वर्षीची मुलं आपोआप नीट लिहायला लागतात.

दुसरं, रिपोर्टची चाळीस पानं मागू नका. मुलाने केलेला एक बदल मागा, आधीचा आणि नंतरचा, आणि त्यावर कुणी काय सूचना दिली ते. कंपनीचा कोड बाहेर दाखवता येत नसेल तर तोंडी दहा मिनिटं विचारा. एकसारखे रिपोर्ट लिहिणाऱ्यांना हे दहा मिनिटंही निभावत नाही, आणि खरं काम केलेला मुलगा थांबवावा लागतो. वर्गात मुलांनी एकमेकांचा कोड वाचून लेखी सूचना द्यायच्या आणि त्या सूचनांना मार्क द्यायचे, एवढंही करता आलं तर बघा.

मॅडम, ऑफर लेटर मिळालं, पण जॉइनिंगची तारीख दोनदा पुढे ढकलली. एचआर म्हणतात थांबा. थांबू की दुसरीकडे बघू?

दोन्ही कर. एचआरला मेल करून नवी तारीख लेखी माग, फोनवरच्या आश्वासनावर राहू नकोस. तारीख देता येत नसेल तर "तारीख ठरलेली नाही" एवढं तरी मेलवर लिहून घे. घरी सांगायला आणि पुढच्या मुलाखतीत मधला काळ समजावायला ते उपयोगी पडतं. दुसरीकडे अर्ज आजपासूनच सुरू कर. त्यात अप्रामाणिकपणा नाही, जॉइन होईपर्यंत तू त्यांचा कर्मचारी नाहीस. बाँड किंवा अनामत रकमेची अट असेल तर सही करण्याआधी ते कलम एखाद्या जाणत्या माणसाला वाचायला दे. आणि दुसरी ऑफर आली, ती स्वीकारलीस, तर पहिल्यांना त्याच दिवशी कळव.